हरायची सवय

"अगं, कोपऱ्यातली घे! कोपऱ्यातली!" श्यामकांत सोसायटीच्या हॉलमध्ये काठी आपटून ओरडत होते, आणि कॅरमसमोर बसलेल्या जयंतीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

मुलुंडच्या या सोसायटीत प्रजासत्ताक दिनाच्या सत्यनारायणाच्या पूजेआधी स्पर्धा होतात. बायकांच्या गटात एक नाव कमी पडलं म्हणून सेक्रेटरीच्या मुलीने, दर्शनाने, जयंतीबाईंचं परस्पर घातलं होतं. "काकू, पहिल्याच फेरीत आउट व्हा, नाश्ता तर मिळेल ना!" पण काकू आउट झाल्याच नाहीत. पडत-झडत फायनलला पोचल्या.

श्रेय अर्थातच श्यामकांतांचं. असं ते स्वतःच सांगत. उमेदीत बँकेच्या संघातून खेळलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, तरी रोज चहानंतर डाव्या हाताने बायकोला हरवत. "घरी रोज मार खाते, म्हणून इथे टिकली," असं हॉलभर सांगून झालं होतं. बोलताना तोंड जरा वाकडं होई, ऐट मात्र जुनीच.

खरी गोष्ट एकट्या जयंतीबाईंना ठाऊक होती. लग्नानंतरचा पहिलाच डाव त्यांनी जिंकला आणि नवरा दोन दिवस घुम्यासारखा वावरला. शहाण्या बाईला तेवढं पुरतं. राणी घेतल्यावर लगेच दुसऱ्या सोंगटीचं कव्हर दिलं नाही, तर राणी परत बोर्डावर येते. तेव्हापासून जयंतीबाई राणी घ्यायच्या, कव्हरची सोंगटी भोकाच्या तोंडाशी अडकवायच्या आणि वर म्हणायच्या, "अय्या, राहिली!" झटक्यानंतर तर हे औषधच झालं. जिंकले की ते दोन घास जास्त जेवत.

समोर आयटीतली गंधाली होती. शेवटचा बोर्ड. जयंतीबाईंनी राणी घेतली. कव्हर अगदी सोपं होतं, पण हात आपल्या वळणावर गेला. सोंगटी भोकाच्या तोंडाशी थांबली.

"अय्या, राहिली!"

हॉल हळहळला. श्यामकांत ओरडले नाहीत. काठी हातात तशीच धरून ते त्या सोंगटीकडे बघत राहिले.

गंधालीचा नेम चुकला. जयंतीबाईंनी घामेजली बोटं पदराला पुसली. आज त्यांना जिंकायचं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. राणी गेली. कव्हर गेलं. पार मागे राहिलेली शेवटची सोंगटी त्यांनी अंगठ्याने उलटी मारून घातली. हा फटका त्यांच्या घरात कुणी कधी पाहिला नव्हता.

"काकू, झकास! वाट लावलीत की माझी!" गंधालीने मिठीच मारली. टाळ्या थांबेनात. जयंतीबाई परकरातल्या पोरीसारख्या हसल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. तो जमिनीकडे बघत होता.

लिफ्टमध्ये दोघंच होते.

"कधीपासून?" श्यामकांतांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"जयंती."

खोटं जिभेवर तयार होतं. पण इतकी वर्षं हाताने बोलत आलेलं खोटं तोंडाने काही बोलवेना.

"पहिल्यापासून," त्या म्हणाल्या.

मजला आला.

दुसऱ्या दिवशी चहानंतर जयंतीबाईंनी बोर्ड मांडला. श्यामकांत आले, पण समोरच्या खुर्चीवर न बसता सोफ्यावर बसले. निर्जीव उजवा हात डाव्याने उचलून त्यांनी मांडीवर ठेवला.

"अहो, ब्रेक करा ना."

"तू खेळ. मी बघतो." मग म्हणाले, "खरं खेळ हं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर जयंतीबाईंना सोसला असता. त्या खेळू लागल्या. एकेक सोंगटी सरळ भोकात जात होती, आणि दर सोंगटीला श्यामकांत मनापासून "वा" म्हणत होते. जयंतीबाई डोळे न पुसता पुढचा नेम धरत होत्या.