ओरिजनल खोकला

"बंद कर ते! मी इथं जित्ती बसून राह्यली, अन् तू माहा गळा डब्ब्यातून कायले वाजवतं?"

अनसिंगच्या मांडवात गोजराबाई डीजेवाल्या करणवर तुटून पडली, तेव्हा मी तोंड लपवायला खांब शोधत होतो. कारण तो गळा डब्यात घातला होता मीच.

मी जिनदास, कामरगावचा. आज मोबाइलची कव्हरं विकतो. पूर्वी कॅसेटी भरून द्यायचो. एक खरी कॅसेट विकत आणायची आणि टेपवर तिच्या दोनशे करायच्या. जगभरातल्या गाण्याच्या कंपन्या म्हणे अशानेच बुडाल्या. बुडाल्या असतील बुवा! मला त्यांचं तोंड कधी दिसलं नाही, त्यामुळे झोप छान लागायची.

मग एकदा अंगात आलं, आपणही कंपनी काढू. आसेगावच्या गोजराबाईशिवाय तेव्हा पंचक्रोशीत नवरीला हळद लागत नसे. दर हळदीला तिला मानाचं लुगडं. दुकानामागच्या खोलीत बसवून मी तिची गाणी भरली. माझ्या चाळीस कॅसेटी खपतात न खपतात, तोच गावोगाव तिच्या कॉप्या! तणतणत मी ठाण्यात गेलो. हवालदाराने शांतपणे विचारलं, "शेटजी, तुमच्या दुकानातल्या बाकीच्या कॅसेटी कोन्या कंपनीच्या हायत?" मी तसाच घरी आलो.

मी सावरलो. गोजराबाईला मात्र कुणी बोलावेना. फुकटचा गळा घरात असताना लुगडं कोण देईल? गेल्या आठवड्यात ती दुकानात येऊन म्हणाली, "जिनदासभाऊ, वीस वर्सं झाली. मराच्या आंधी एक डाव मले मानानं हळदीले बसवा." मला माझीच लाज वाटली. म्हणून तिला इथे आणलं, माझं जुनं गिऱ्हाईक पुंजाजीच्या नातीच्या, वैभवीच्या हळदीला.

करणने कुरकुरत गाणं बंद केलं. गोजराबाईने पदर सावरून म्हटलं,

"हळद लागली लेकीले, पिवळी झाली माय..."

गाणं संपलं. पुंजाजीची बायको रुपाबाई म्हणाली, "चांगलं म्हनलं बाई. पन ओरिजनलसारखं नाही जमलं."

"काहून?"

"खोकला कुठी आला?"

आणि मांडवातल्या साऱ्या पोरींनी एका सुरात करून दाखवलं, "पिवळी झाली... खॉक खॉक... माय!" वर खोकल्यावर कंबरेचा एक झटकाही होता.

हा खोकला मला ठाऊक होता. भरताना माझ्या बायकोने, हीराबाईने, पलीकडच्या स्वयंपाकघरात तेलात मिरच्या टाकल्या आणि गोजराबाईला ठसका लागला. पुन्हा भरायला वेळ आणि वीज खर्ची पडली असती, म्हणून चिंगूसपणाने मी तो तसाच ठेवला.

"अवं, तो माहाच खोकला हाय!" गोजराबाई म्हणाली.

"मंग खोकून दाखवा," करण म्हणाला.

ती बिचारी खोकली. करणने मान हलवली. "आजी, ओरिजनलची बातच अलग हाय."

शेवटी मी उभा राहिलो. "मी सांगतो, हीच ओरिजनल हाय!"

"जिनदास," पुंजाजी म्हणाला, "तू जिंदगीत कधी ओरिजनल काही इकलं काय?"

मांडव हसला. मी खाली बसलो. गोजराबाई मात्र जायला उठली, चपला शोधू लागली, आणि मला ते बघवेना. मी मांडवामागे आचाऱ्याकडे गेलो आणि त्याला काही न विचारता मूठभर लाल मिरच्या तापल्या कढईत फेकल्या.

धूर मांडवात शिरला. नवरी खोकली, भटजी खोकले, करण डोळे चोळत स्पीकरमागे दडला. आणि त्या कल्लोळात एक खोकला उठला, दोन खणखणीत ठोके. सगळ्यांच्या माना वळल्या.

"हाच! हाच तो!" रुपाबाई ओरडली. धावत जाऊन तिने हिरवं लुगडं आणलं आणि गोजराबाईला मिठी मारली.

"आता म्हना बाई, पुरं म्हना!" तीस मोबाइल वर झाले.

गोजराबाईने लुगडं बाजूला ठेवलं. "आंधी ते खाली ठेवा. ज्याले आयकाचं त्यानं कानानं आयका."

कणकेची परात फिरली. सगळे मोबाइल त्यात पडले, करणचे तर दोन. मग ती गायली. वैभवीची आई ढसाढसा रडली. मीही रडलो, सांगायला कसली लाज?

परतीच्या बसमध्ये गोजराबाई लुगडं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "जिनदासभाऊ, परातीत तुमचा मोबाइल नाही दिसला."

जित्याची खोड! मी तो खिशातून काढला.

"लावा."

आम्ही दोघांनी ऐकलं. बसच्या खडखडाटातही सूर लख्ख होता.

"बरं भरलं," ती म्हणाली. "आता पुसा."

"गोजराबाई, असं पुन्हा नाही जमाचं. राहू द्या. एकच तं हाय."

"त्या टायमालेबी कॅसेट एकच होती."

चाळीस वर्षांच्या धंद्यात मी कधी कुणाचं चांगलं गाणं पुसलं नव्हतं. पुसलं.

तिने लुगड्याची घडी हाताने सारखी केली. "अखीन आयकाचं असन, तं तुमच्या नातीच्या, नीलमच्या हळदीले बलवा," ती म्हणाली. "अन् हिरवं नोको. हिरवं झालं."