सीझनमधली सुटी

"अहो, थांबवा गाडी!" तनुजा मागच्या सीटवरून ओरडली.

काकासाहेबांनी ताम्हिणी घाटातलं वळण पार करून गाडी कडेला घेतली, तोवर त्यांच्या शेजारी बसलेल्या सायलीला ओकारी झाली होती. ओढणी, सीट, दार, सगळं माखलं. बारा वर्षांची पोर लाजेने रडायला लागली.

काकासाहेब पाण्याची बाटली घेऊन उतरले. "आसं कसं झालं? म्हणून तर तिला पुढं बसवलं. या वयाच्या पोरांना पुढं बसवून काच खाली केली की घाट लागत नाय."

"तिला पुढं बसलं की जास्त व्हतं," सायलीचं तोंड पुसत तनुजा म्हणाली. "मागं माझ्या मांडीवर डोकं टेकून पडली की काय होत नाय. पैठणच्या बसमधी मी तसंच नेते तिला."

"मंग आधी सांगायचं ना."

"तुमी सामान लावत व्हते. म्हटलं, तुमाला माहीत आसंल."

ती टोचून बोलली नव्हती. तरी पुढचा घाट काकासाहेबांना जड गेला.

सोळा वर्षं ते संभाजीनगरातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे सतरा सीटची गाडी चालवत होते. दिवाळीत कोकण, मे महिन्यात कोकण. लोकांची मुलंबाळं घेऊन समुद्रावर जायचं, चार दिवसांनी ज्याची त्याची दारात सोडायची. कोणत्या वयाच्या मुलाला समुद्रावर काय लागतं, हे त्यांना तोंडपाठ झालं होतं. दोन वर्षांचं पोर दुपारच्या वाळूत सोडायचं नाही, पाय पोळतात. पाच-सहा वर्षांची मुलं पहिल्या दिवशी लाटेला भितात. त्यांना ओढत न्यायचं नाही, ओल्या वाळूत खड्डा करून द्यायचा, पाणी आपणच त्यांच्याकडे येतं. सोळा-सतराच्या मुलांना आईबापांपासून वीस पावलं लांब बसायचं असतं. बसू द्यायचं. नवी गिऱ्हाइकं हे सगळं कौतुकाने ऐकत. एखादी बाई म्हणे, "काकासाहेब, तुमची मुलं नशीबवान हो!" यावर ते नुसते हसत.

त्यांच्या स्वतःच्या तिन्ही मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. शाळेला सुटी लागायची ती नेमकी सीझनला. सीझन संपवून काकासाहेब मुकुंदवाडीतल्या घरी परतायचे, तेव्हा पोरांची दप्तरं पुन्हा भरलेली असायची.

या दिवाळीत थोरल्या इंद्रजीतला वाळूजच्या एका कारखान्यात काम लागलं. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. पत्र आलं त्या दिवशी तनुजा म्हणाली, "आता नाय गेलो, तर आपण पाचजणं परत कधीच एकत्र निघायचो नाय." काकासाहेब मालकासमोर जाऊन उभे राहिले. ऐन सीझनला सुटी ऐकून मालक बराच वेळ बोलला. काकासाहेबांनी वाद घातला नाही, पण ते जागचे हललेही नाहीत. शेवटी मालकच म्हणाला, "जा बाबा. चार दिवस जा." एका मित्राची लहान गाडी मागून घेतली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते निघाले.

दिवेआगरला उतरण्यासाठी काकासाहेबांना एकच घर ठाऊक होतं, गिऱ्हाइकांना उतरवायचे तेच. घरमालकिणीने आपुलकीने स्वागत केलं, माडांजवळची खोली उघडून दिली. चहाचे चार कप पडवीत आणले आणि पाचवा सवयीने मागच्या ओट्यावर ठेवला. ड्रायव्हरचा चहा तिथेच असायचा. काकासाहेबही सवयीने तिकडे गेले आणि पिऊ लागले. आपला कप घेऊन तनुजा मागे आली, त्यांच्या शेजारी बसली.

संध्याकाळी सगळे समुद्रावर गेले. धाकटी संस्कृती सहा वर्षांची. लाटांचा आवाज ऐकूनच आईला बिलगली. काकासाहेबांनी ओल्या वाळूत खड्डा खणला. थोड्या वेळात एक पातळशी लाट येऊन त्यात शिरली, तशी संस्कृती टाळ्या पिटायला लागली. काकासाहेबांना बरं वाटलं. एक तरी गोष्ट बरोबर आली होती. सायली हळूहळू त्यांच्या जवळ सरकत होती, काहीतरी विचारायचं होतं तिला.

"काका! ड्रायव्हर काका!"

किनाऱ्यावरून एक मुलगी धावत आली आणि तिने काकासाहेबांचा हात धरला. सिडकोतल्या दातांच्या डॉक्टरांची विशाखा. मागून डॉक्टर आणि त्यांच्या मॅडम येत होत्या. यंदा दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर आले होते. "तुम्ही नाही म्हटल्यावर हिने घर डोक्यावर घेतलं होतं," मॅडम हसून म्हणाल्या. तोवर विशाखाने काकासाहेबांना पाण्यात ओढून नेलंसुद्धा. कमरेइतक्या पाण्यात ती पाय रोवून, लाटेला खांदा देऊन उभी राहिली.

"मी चार वर्षांची होते ना, तेव्हा काकांनी शिकवलं हे," काठावरच्या सायलीला ती ओरडून म्हणाली. "तू पण ये ना!"

सायली आली नाही.

"काकासाहेब, गाडीतली चटई जरा—" मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आत काकासाहेब पाण्यातून निघून वाळूवरून चालायलाही लागले होते. इंद्रजीत लांब बसून मोबाइल बघत होता. त्याने मान वर करून बापाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

चटई देऊन ते परतले तेव्हा सायली जागेवर नव्हती. सुरूच्या झाडांखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ते तिच्यापाशी गेले.

"काय झालं, बाळा?"

"तिला तुमी शिकवलं?"

"व्हय. लहान व्हती. लई भ्यायची."

"मीबी लहान व्हते ना, पप्पा."

काकासाहेबांपाशी उत्तरं होती. सीझनला सुटी मिळत नाही. इंद्रजीतचं आयटीआय होतं, तुझी शाळा होती. सगळी खरी होती, पण तिने ते विचारलं नव्हतं. ते तिच्याशेजारी वाळूत बसले.

"चुकलं माझं, सायली."

हे तिने आधी कधी ऐकलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"ऊठ. उजेड हाय अजून."

"आत्ता नको. ती लोकं गेल्यावर."

मग दोघं बसून राहिली. डॉक्टर मंडळी भेळ खायला गेली, सूर्य पाण्याला टेकला, तेव्हा सायली उठली. पहिल्या दोन लाटांनी ती पडली. तिसरीला उभी राहिली. चौथ्या लाटेला तिने वडिलांचा हात सोडून दिला.

इंद्रजीत मात्र दोन दिवस लांबच राहिला. काकासाहेबांनी बसू दिलं. तिसऱ्या दिवशी, निघायच्या दिवशी सकाळी, तो एकटाच समुद्राकडे गेला. काकासाहेब पडवीत उभे राहून बघत होते.

"या वयात लांबच बसत्यात पोरं," ते तनुजाला म्हणाले.

"लोकांची बसत आसतील," ती म्हणाली. "तो काय गिऱ्हाइकाचा पोरगा नाय. जा तुमी त्याच्यापाशी."

ते गेले. किनाऱ्यावर कोणी नव्हतं. इंद्रजीत सरकून बसला, जागा केल्यासारखा. काकासाहेब त्याच्या शेजारी बसले. गिऱ्हाइकाच्या पोरांना ते सहज विचारायचे, कितवीला आहेस, क्रिकेट खेळतोस का.

"सोमवारी किती वाजता?"

"सातची पाळी हाय. कंपनीची बस पावणेसहाला येती." थोड्या वेळाने तो म्हणाला, "पहिलं वर्षभर सुटी नाय म्हणत्यात. पुढल्या दिवाळीला तुमी जाल तवा मला धरू नका."

"सुरुवातीला आसंच असतंय," काकासाहेब म्हणाले. तोंडातून निघाल्यावर त्यांना आठवलं. त्यांच्याही मालकाने त्यांना पहिल्या वर्षी हेच सांगितलं होतं.

"पप्पा, मी लहान व्हतो तवा गाडीमागं पळायचो. म्हायती हाय का तुमाला?"

"आरशात दिसायचास."

इंद्रजीतने वळून पाहिलं. "मला वाटायचं, तुमाला दिसतच नसंल."

"चौकापर्यंत दिसायचास."

"मंग कधी थांबले कसे नाय?"

"थांबलो आसतो, तर निघालोच नसतो."

इंद्रजीत वाळूत बोटाने रेघ ओढत राहिला. मग त्याने मोबाइल चपलेत ठेवला आणि उभा राहिला.

"पाण्यात येता?"

"मी? मला गाडी चालवायचीय. कपडे भिजतील."

"वाळत्याल."

सोळा वर्षांत काकासाहेब कमरेच्या वर कधी भिजले नव्हते. दुसऱ्यांची मुलं धरून तिथवरच उभे राहिले होते. आज त्यांच्या हाताला धरलेलं कोणाचं पोर नव्हतं. इंद्रजीत दोन पावलं पुढे चालला होता, पाठीला शर्ट चिकटलेला, खांदे त्यांच्याहून रुंद. पाणी छातीशी आलं. तो लाटेकडे बघत होता. काकासाहेब त्याच्याकडे बघत होते. त्यामुळे ती लाट त्यांना दिसलीच नाही. ती थेट डोक्यावरून गेली. नाकातोंडात खारट पाणी शिरलं, पाय सुटले. ते धडपडत, खोकत वर आले, केस कपाळाला चिकटलेले.

इंद्रजीत हसला.

पोटातून आलेलं, भरदार, जरासं घोगरं हसू होतं ते. पुरुषाचं हसू. काकासाहेब खोकायचे थांबले. दर सीझनला घरातून निघताना त्यांच्या कानात राहिलेला त्याचा आवाज वेगळा होता, पातळ, उंच, चौकापर्यंत ऐकू येणारा. या पोराचा आवाज फुटला तेव्हा आपण कुठे होतो, हे त्यांनी आठवून पाहिलं. कुठल्यातरी घाटात असणार.

"लागलं का पप्पा?"

"नाय."

काठावरून तनुजा हाक मारत होती. निघायला उशीर होत होता. काकासाहेबांनी ऐकलं, पण हात वर केला नाही. तोंड पुसून ते पुढची लाट येण्याची वाट बघत मुलाच्या शेजारी उभे राहिले.