छातीभर वाटाणा

"मिस्टर किट्ल्सन, या फोटोतला माणूस उभा आहे की गुडघ्यांवर बसलाय?"

हा प्रश्न मी विचारला, तोही माइकवर, सोसायटीच्या हॉलमध्ये नव्वदेक शेतकरी हॅम सँडविच चावत असताना. गेल्या वर्षापर्यंत मी शाळेच्या कॅन्टीनमध्ये केचप मागायलासुद्धा ब्रिनला पुढे ढकलायचे. त्यामुळे मला स्वतःचं थोडं कौतुक वाटतं आणि ते मी लपवणार नाही.

पैज माझ्या मैत्रिणींनी, ब्रिन आणि केंड्राने, माझ्याशी लावली होती. मी विचारलं तर ब्रिन आठवडाभर माझ्या कालवडींचं शेण काढणार, नाही विचारलं तर मी तिच्या. आम्ही तिघी मागच्या टेबलावर होतो, कारण शेतीच्या वर्गातल्यांनी या सभेला जाऊन अर्धं पान लिहून आणायचं असतं. सभा दर मार्चमध्ये ड्वेन किट्ल्सन भरवतो. आमच्या भागात बियाणं तोच विकतो. जेवण फुकट, टोपी फुकट, आणि एवढ्यावर विस्कॉन्सिनचा शेतकरी सांगाल ते पेरायला तयार. एकेकाच्या घरी तीस-तीस टोप्या आहेत. डोकं एकच, तेही फारसं न वापरलेलं.

प्रत्येक ताटाशेजारी एक चकचकीत पत्रक ठेवलं होतं. 'ओट-वाटाणा चारा मिश्रण', आणि खाली फोटो. हिरव्यागार पिकात छातीपर्यंत बुडालेला एक माणूस, हात दोन्हीकडे पसरलेले, तळ्यात डुंबायला उतरल्यासारखे. टोपी इतकी पुढे ओढलेली की चेहऱ्यातली फक्त हनुवटी दिसत होती.

"काय उंच आलंय गं," केंड्रा म्हणाली.

"मागे कुंपणाचा खांब बघ," ब्रिन म्हणाली. "त्याच्या डोक्याच्या वर गेलाय. आपल्याकडे खांब छातीला लागतात."

"मग खांब राक्षसाचा असेल."

"नाहीतर माणूस खाली बसलाय."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. "विचार की, मारित. हल्ली तुला फार बोलता येतं."

नुसती गंमत असती तर मी कदाचित शेणच काढलं असतं. पण जानेवारीत पाऊस पडून गोठला आणि गोठ्यामागच्या आमच्या चौदा एकरांवर सहा आठवडे काचेसारखा बर्फ बसून राहिला. खालची लसूणघास गुदमरून मेली. आता तिथे एप्रिलमध्ये ओट आणि वाटाणा पेरायचा, जूनमध्ये हिरवा कापून, हवाबंद मुरवून मुरघास करायचा, एवढाच मार्ग होता. डॅडने सरळ सांगितलं होतं, मुरघास कमी पडला तर जुलैत कालवडी लिलावाला जातील. त्यातल्या चार माझ्या आहेत, मी बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या.

आणि ड्वेनचा वाटाणा चाऱ्याचा नाहीच. तो दाण्याचा आहे. यंत्राने काढताना लोळू नये म्हणून त्याच्या पानांचे तणावे करून टाकलेत. सूप करा, उत्तम होईल. गाईने काय खायचं, तारा? चाऱ्याचा वाटाणा वेलीचा असतो, पानांनी लगडलेला, जांभळ्या फुलांचा. हे मला पत्रक वाचून कळलेलं नाही. शाळेच्या काचघरात जानेवारीपासून मी दोन्ही वाढवते आहे. वेलीचं बी मिसेस लिंडकडून आणलं. त्या शेजारच्या काउंटीत विकतात आणि त्यांच्या पिशवीवर फोटो नसतो, नुसतं वाणाचं नाव आणि उगवण किती टक्के ते. त्यांचा वेल काठी सोडून खिडकीला लागलाय. ड्वेनच्या टबात कुणीतरी छत्रीच्या काड्या खोचल्यासारखं दिसतं.

तर मी विचारलं. हॉल हसला. ड्वेनही हसला, त्याला दात दाखवायची सवयच आहे.

"ही आर्लिनची पोरगी ना? केवढी झाली. हे बघ बाळ, फोटो हा फोटो असतो. तू प्रथिनांचा आकडा बघ."

"आकडा बघितला. माणूस उभा आहे का?"

पुढच्या टेबलावरचा एक म्हातारा म्हणाला, "सांगून टाक ड्वेन, का तूच आहेस तो?" आता मात्र हसणं वेगळं होतं आणि ड्वेनला ते आवडलं नाही.

"मला कशाला विचारता? आर्लिनला विचारा. त्याने पेरलंय हे. काय आर्लिन, कसं आलं होतं?"

सगळ्या माना माझ्या बापाकडे वळल्या. डॅड ताटातल्या ॲपल-पायच्या तुकड्याकडे बघत होता, जणू त्यात कुणाची बोटं सापडली होती.

"बरं आलं होतं," तो म्हणाला.

मग त्याने खिशातून मागणीचा कागद काढला, सही केली आणि सगळ्यांदेखत ड्वेनच्या हातात दिला. पूर्ण चौदा एकरांचा. ड्वेनने नवी टोपी स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नव्वद मोठी माणसं, आणि टाळ्या टोपीला.

बरं आलं होतं म्हणे. दोन वर्षांपूर्वी टेकडीवरच्या पाच एकरांत ते पेरलं होतं. मी चौदा वर्षांची होते आणि पीक माझ्या गुडघ्याला लागत होतं. वाटाण्याला फूल यायच्या आत ओटाचं काड झालं होतं. कालवडींनी तो मुरघास नाकाने बाजूला सारला आणि त्यावर झोपल्या. जनावरांना ड्वेन कळला होता.

परतताना डॅडने गाडीतही टोपी काढली नाही.

"शाळेत हेच शिकवतात का?" तो म्हणाला.

"काय?"

"माणसाला चार लोकांत उघडं पाडायचं."

"मी ड्वेनला विचारलं. त्याला काय वाटायचं ते वाटू दे. तू का रागावतोस?"

त्याने रेडिओ लावला. डुकरांचे बाजारभाव चालू होते. आमच्याकडे डुकरं नाहीत. घर येईपर्यंत त्याने ते पूर्ण ऐकले.

घरी मॉम बटाटे सोलत होती. मी अर्धं पान लिहायला बसले आणि पत्रक समोर ठेवलं. हॉलमध्ये आम्ही खांब बघितला होता, माणूस बघितला होता, कोपरा बघितला नव्हता. उजव्या कोपऱ्यात खाली, नखाएवढा, एक लाल गोठा होता. त्याच्या दारात एक फळी पांढरी.

ती फळी मी ठोकली आहे. दोन वर्षांपूर्वी, गाईने लाथ मारून दार फोडलं तेव्हा. डॅड म्हणाला होता, लाल रंग नंतर देऊ. अजून दिलेला नाही.

मग मी हनुवटी बघितली.

नव्वद माणसांसमोर मी माझ्या बापाची खिल्ली उडवली होती. मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याच्या आधी राग पोहोचला, आणि तो जागा सोडेना.

"मॉम, हा डॅड आहे."

मॉमने मानही वर केली नाही. "माहीत आहे. त्याची पँट मीच धुतली ना. दोन्ही गुडघ्यांना चिखल होता."

डॅड दारात बूट काढत होता. एकच बूट काढून तो तसाच उभा राहिला.

"ड्वेन म्हणाला, खाली बसलं की उजेड बरा पडतो."

"उजेड."

"दहा मिनिटांचं काम होतं, मारित."

"आणि मिळालं काय?"

"जॅकेट," मॉम म्हणाली.

तेच जॅकेट त्याच्या अंगावर होतं. पाठीवर कंपनीचं नाव, हिरव्या दोऱ्याने. दोन हिवाळे मी त्या पाठीमागे बादल्या घेऊन चालले आहे.

"पीक गुडघ्याएवढं होतं, हे तुला माहीत होतं," मी म्हणाले. "मग आज सही का केलीस?"

"आता दुसरं बी आणलं तर लोक काय म्हणतील? फोटोतलाच माणूस ते पेरत नाही."

"कोणते लोक? त्यांनी तुला ओळखलं तरी का? मी पोटची पोर, मीही ओळखलं नाही."

"ड्वेनला माहीत आहे."

असं होतं तर. ड्वेन किट्ल्सनला ओशाळं वाटू नये म्हणून माझ्या चार कालवडी लिलावात उभ्या राहणार होत्या. माझा बाप वासरू आडवं आलं तर खांद्यापर्यंत हात घालतो, उणे तीसमध्ये ट्रॅक्टर सुरू करतो. आणि एका चकचकीत कागदाला घाबरून बसला होता.

"म्हणजे तू दहा मिनिटं बसलास, आता चौदा एकरांनीही बसायचं," मी म्हणाले.

मॉमची सुरी थांबली. "मारित, बाप आहे तो."

"म्हणूनच बोलते आहे. ड्वेनशी मी एवढं बोलले नसते."

डॅडने टोपी काढून टेबलावर ठेवली. कपाळावर तिचा लाल वळ उमटला होता. तो रागावेल असं मला वाटलं. त्याने पत्रक उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ त्या कोपऱ्यातल्या फळीकडे बघितलं.

"रंग द्यायचा राहिलाच," तो म्हणाला.

मी उठून उभी राहिले. बसून सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"दोघंही ऐका. सकाळी बस यायच्या आधी मी ड्वेनला फोन करणार आणि ती मागणी रद्द करणार. बी अजून त्याच्याच गोदामात आहे. सही डॅडची असली तरी कालवडी माझ्या आहेत. बोलणार मी. तू बोललास तर आणखी एक जॅकेट घेऊन येशील. चौदा एकरांत मिसेस लिंडचा वेलीचा वाटाणा आणि उशिरा निसवणारा, वाटाण्याआधी काड न होणारा ओट पडणार. वाटाण्याच्या बियाला नत्राचं जिवाणू खत मी स्वतः चोळणार. आणि जूनमध्ये कापायच्या आदल्या दिवशी कुंपणाच्या खांबाशेजारी फोटो काढायचा. डॅड, तू उभं राहायचंस. टोपी घालायची नाही."