मागे चालणारी पेशी

शिरपूरच्या बाजाराच्या मैदानावर मंडप उभा राहिला होता आणि सकाळी आठलाच त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंदखेड्याकडून जीपा भरभरून येत होत्या, सातपुड्याच्या पायथ्याची माणसं भाकरी बांधून आली होती. व्यासपीठावर पेशीनाथ महाराज. खाली भगवी लुंगी, वर डॉक्टरचा पांढरा कोट. भक्त आला तर लुंगी दाखवायची, शिकलेला आला तर कोट! पुढ्यात मायक्रोस्कोप आणि शेजारी दाराएवढा टीव्ही.

"केस पिकतात कोणाचे? पेशीचे! गुडघा दुखतो कोणाचा? पेशीचा! मी रोगाला औषध देतच नाही. मी पेशीला तिच्या बालपणात पाठवतो. बोला, मागे चला!"

"मुळाकडे चला!" मंडप गरजला.

मग भक्ताच्या बोटाला सुई, रक्ताचा थेंब काचेवर, काच मायक्रोस्कोपखाली आणि वरून हिरव्या अर्काचा एक थेंब. टीव्हीवर बारीक पेशींचा गठ्ठा दिसायचा. बत्तिसाच्या सोळा, सोळाच्या आठ, मग चार, दोन आणि शेवटी एकच टपोरी, तुळतुळीत पेशी. डोळ्यांदेखत! बाया हात जोडत होत्या, म्हातारे डोळे पुसत होते.

मागे खांबाला धरून योगेंद्र सर उभे होते. हायस्कुलात बावीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. या मंडपात ते दुसऱ्यांदा आले होते, आणि पहिल्या वेळची आठवण त्यांना आतून कुरतडत होती.

तीन आठवड्यांपूर्वी उद्‌घाटनाला तेच तर प्रमुख पाहुणे होते. महाराज शाळेत येऊन पाया पडले. "सर, तुम्ही फक्त विज्ञान सांगा, बाकी मी बघतो." सर भाळले. त्यांनी जे सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. माणसाच्या मूळपेशींना प्रयोगशाळेत ठरावीक रसायनं देऊन वाढीच्या आणखी आधीच्या अवस्थेत नेता येतं, हे खरंच आहे. पण केळी पिकवणाऱ्यांना ते समजावं म्हणून त्यांनी एक दाखला दिला, आणि तिथेच घात झाला. "तुम्ही टिश्यू कल्चरची रोपं लावता ना? कंदाच्या कोंबाचा एवढासा तुकडा, त्यातून हजारो नवी रोपं. तसंच काहीसं समजा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आवाजात पुढचं वाक्य राहूनच गेलं: हे बशीतल्या मूठभर पेशींपुरतं आहे, चालत्याबोलत्या माणसाचा आजार याने बरा होत नाही. सरांनी शाल घेतली, नारळ घेतला, फोटो काढला. तोच फोटो मग महाराजांच्या जाहिरातीवर छापून गावोगाव गेला.

त्यांच्या मोठ्या बहिणीच्या, भागाबाईच्या घरीही गेला. आई गेल्यावर अक्कानेच त्यांना वाढवलं, शिकवलं. तिला जुना मधुमेह, रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई. तिने अकरा दिवस सुई बंद ठेवली आणि महाराजांच्या हिरव्या अर्काचे थेंब घेतले. काल तिला बेशुद्धावस्थेत धुळ्याला हलवलं. संध्याकाळी जरा शुद्ध आली तेव्हा सर तिच्यावर ओरडलेच, "अक्का, सुई बंद कोणाला विचारून केलीस?"

ती विझल्या आवाजात म्हणाली, "तूच सांगेल व्हतं ना रे भाऊ?"

तिचे यजमान सुकदेव आबा खाटेच्या पायथ्याशी बसले होते. ते म्हणाले, "केळीनं व्हस, मंग मानूसनं का नही? आम्हले काय माहीत, सर!" एरवी नावाने हाक मारणाऱ्या माणसाने 'सर' म्हणावं! योगेंद्रांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

अक्काला काय दाखवून फसवलं, ते बघायलाच आज ते आले होते. टीव्हीकडे बघता बघता ते खांब सोडून पुढे सरकले. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक काळी सुई होती, टोक मोडलेली. ती सुई ते झोपेतही ओळखतील. शाळेच्या मायक्रोस्कोपच्या भिंगातली खुणेची सुई होती ती! ही फिल्म त्यांनीच काढली होती, नाल्यातून आणलेल्या बेडकाच्या अंड्याची. एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी कशा होतात ते दहावीला दाखवायला. उद्‌घाटनाच्या दिवशी महाराजांनी मागितली आणि यांनी कौतुकाने मोबाइलवर पाठवली. आता ती उलटी चालली होती.

सर सरळ व्यासपीठावर चढले. महाराजांनी ओळखून हात पसरले. "या या, आपले शास्त्रज्ञ!"

"माझीही पेशी मागे न्या," सर म्हणाले. त्यांनी काच उचलली, लोकांसमोर तांब्यातल्या पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला आणि स्वतःच मायक्रोस्कोपखाली ठेवली. महाराजांना बोलायला सवडच मिळाली नाही. त्यांच्या चेल्याने सवयीने रिमोट दाबला. बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक.

"बघा, तांब्यातलं पाणीही तान्हं झालं!"

लोक हसले. मग हसता हसता थांबले. सरांनी मायक्रोस्कोपची वायर ओढली, तर ती टेबलाखालून नुसतीच, कशालाही न जोडलेली, हातात आली. टीव्हीच्या पाठीमागून त्यांनी पेनड्राइव्ह काढला आणि पडदा काळा झाला. त्यांनी आपल्या मोबाइलवरची फिल्म सुलटी लावून पुढच्या रांगेत फिरवली.

"हे रक्त नाही, बेडकाचं अंडं आहे. तीन आठवडे तुम्ही ज्याला हात जोडले ते!"

"सर्वे भवन्तु..." महाराज पुटपुटले आणि कोट सावरत मागच्या कनातीकडे सरकले. तिथे शिंदखेड्याहून भक्त आणणारा चिंधा जीपवाला वाट अडवून उभा होता.

तेवढ्यात एक म्हातारी उठली. वच्छलाबाई. तिने बीपीच्या गोळ्या सोडल्या होत्या. "तो त लबाड शे, दखायनं. पन त्या कागदवर फोटू तुना व्हता, मास्तर. तुना फोटू दखीसन मी उनू."

सरांना खोटं बोलायचं असतं तर ते सोपं होतं. माझं नाव वापरलं, मला फसवलं, एवढं म्हटलं की सुटले असते.

"हो मावशी," ते म्हणाले. "मी अर्धं विज्ञान सांगितलं आणि टाळ्या पडल्यावर गप्प बसलो. हा एकट्याने कोणाला फसवू शकला नसता, त्याला माझी सही लागत होती. ती मी एका शालीच्या बदल्यात दिली. माझी सख्खी बहीण त्यापायी दवाखान्यात पडली आहे. मला लाज वाटते." ते व्यासपीठाच्या कडेला आले. "ज्यांनी ज्यांनी गोळ्या सोडल्यात, त्यांनी आत्ता, इथून उठून आपल्या डॉक्टरकडे जा. आणि यापुढे कोणी कोट घालून आला, भगवं नेसून आला किंवा मास्तर म्हणून आला, तरी विचारा: दुसऱ्यांदा करून दाखव. रक्ताऐवजी पाणी ठेवून दाखव. बशीत घडलं ते माणसात घडलं का, कुठे, किती जणांत, कोणी तपासलं? उत्तर नसेल तर उठून घरी जा. मीही त्यात आलो."

पोलिसांत तक्रार झाली. साक्षीदार म्हणून पहिला जबाब सरांनी दिला, आणि स्वतःचं उद्‌घाटनाचं भाषण त्यात शब्दशः लिहून दिलं.

चार दिवसांनी ते धुळ्याला गेले. अक्का उशाला टेकून बसली होती. नर्सने सुई भरली. सर घाईने पुढे झाले. "घे अक्का, घे, ही बरोबर आहे. मी सांगतो ना..."

अक्काने हात आडवा केला. त्यांच्याकडे न बघता ती नर्सला म्हणाली, "बाई, हाई कितलं शे? आनि कसानी शे? माले सांग."

नर्सने सांगितलं. अक्काने बाटली हातात घेऊन बघितली, आणखी दोन गोष्टी विचारल्या आणि मगच दंड पुढे केला.

"अक्का, माझ्यावर विश्वास नाही का आता?" सरांनी हळूच विचारलं.

"तू मना भाऊ शे," ती म्हणाली. "पन आते मी विचारसू."