अण्णांच्या घड्याळाचे सैल स्क्रू

काकूंच्या घरात धुळीची टिकायची टाप नव्हती. बाहेरून आलेली हवासुद्धा दाराशी पाय पुसूनच आत येत असावी, असं अण्णा म्हणत. हळू म्हणत, कारण काकूंचे कान तीक्ष्ण होते आणि जीभ त्याहून.

अण्णांनी जन्मभर छापखान्यात यंत्रं सांभाळली. निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी आपल्या मनगटावरचं भारी घड्याळ काढून सगळ्यांसमोर अण्णांच्या हातात घातलं. स्टीलचा पट्टा, कडीत कडी गुंफलेली, उजेडात धरलं की नजर ठरेना. अण्णांनी ते घरी आणलं, बघून बघून पुन्हा डबीत ठेवलं आणि डबी कपाटात. "आपल्या हाताला शोभत नाही गं ते," म्हणाले. डबीतल्या डबीत घड्याळ बंद पडलं, तेही कुणाला कळलं नाही.

कळलं ते धाकटीला. धाकटी म्हणजे काकूंची धाकटी सून. चौकातल्या घड्याळाच्या दुकानात कामाला होती. डोळ्याला भिंग लावून मान खाली घालून बसायचं ते काम. बॅटऱ्या बदलायची, पट्टे लहानमोठे करायची. भारी घड्याळं मात्र खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दुकानाचे मालक स्वतः उघडत. आता मालकांचा हात थरथरायला लागला होता. ते धाकटीला म्हणाले, "आधी तुझ्या सासऱ्यांचं घड्याळ उघड. नीट झालं तर ती खुर्ची तुझी."

काकूंनी ही बातमी अख्ख्या गल्लीत पोचवली. घरात मात्र सुनेला एवढंच म्हणाल्या, "बिघडवू नकोस म्हणजे झालं."

धाकटीनं घड्याळ खोललं, साफ केलं, तेल दिलं, पट्टा काढून धुतला, पुन्हा जोडला. घड्याळ चालू झालं. तिनं ते डबीत न ठेवता सरळ अण्णांच्या मनगटावर चढवलं आणि म्हणाली, "आता काढायचं नाही. चालतं घड्याळ ठेवून दिलं की रुसतं." अण्णा विरघळले. त्या दिवसापासून दारावर कुणीही आलं की अण्णा आधी बाही मागे सारत आणि मग विचारत, "काय काम होतं?"

आणि चार दिवसांत घोटाळा झाला. अण्णा भाजी घेऊन येत होते, पट्ट्याचा एक स्क्रू कुठेतरी गळून पडला, कडी सुटली आणि घड्याळ मनगटावरून निसटलं. पिशवीतल्या कोथिंबिरीवर पडलं म्हणून वाचलं. अण्णा घरी आले ते घड्याळ रुमालात गुंडाळून, एखादं पाखरू उचलून आणावं तसं.

"राहू दे," म्हणाले. "कपाटातच बरं होतं."

काकूंनी चपला घातल्या. धाकटी कामावर होती, तिथेच गाठली.

"काय गं, हे तुझं सर्व्हिसिंग? ह्यांच्या हातातून घड्याळ गळून पडलं रस्त्यात! गळायला काय ते पिकलं पान आहे?"

धाकटीचा चेहरा उतरला. "आई, असं व्हायला नको. साफ करताना स्क्रूचा जुना गोंद निघून जातो, म्हणून मी आट्यांवर नव्या गोंदाचा थेंब लावला होता. आज नवा स्क्रू बसवून परत लावते. रात्रभर वाळू दे."

"चिकटवायचंच होतं तर पहिल्यांदाच चिकटव ना!"

मालक चष्म्यावरून बघत होते. "एखादेवेळी होतं, काकू."

दुसऱ्या दिवशी घड्याळ घरी आलं. आठवडा गेला नाही तोच अण्णा चहा पिता पिता मनगट डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागले. एका स्क्रूचं डोकं वर आलं होतं. बोट लावलं तर डुगडुगला. या खेपेला काकू दुकानात शिरल्या तेव्हा तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती, पण काकूंच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की तो कुठल्या स्क्रूनं आवळता येत नसे. बोलून बोलून त्या दमल्या तेव्हा गिऱ्हाइकं आपापली घड्याळं खिशात घालून बाहेर पडत होती.

मालक थंडपणे म्हणाले, "पहिल्यांदा मी चूक म्हटलं. दुसऱ्यांदा तेच, म्हणजे हाताचाच दोष. भारी घड्याळं मी आता बाहेर पाठवत जाईन. तू आपल्या बॅटऱ्या बदल."

सुनेला बोलायचा हक्क काकूंचा होता. तो त्यांनी दुकानाच्या मालकाला दिलेला नव्हता.

संध्याकाळी दोघी बरोबर घरी निघाल्या. धाकटी रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, खुर्चीचं अण्णांना सांगू नका. आपल्यामुळे झालं म्हणून घड्याळ परत डबीत ठेवतील."

घरी काकूंनी अण्णांना फक्त स्क्रूचं सांगितलं. रात्रीची जेवणं आटोपल्यावर पाहिलं, तर धाकटी टेबलाशी बसून एका जुन्या पट्ट्याचा स्क्रू आवळत होती, सोडत होती, पुन्हा आवळत होती. आणि मध्येच स्वतःचा हात उलटासुलटा करून बघत होती. जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

दुसऱ्या दिवशी गोंद वाळला असेल म्हणून काकू घड्याळ आणायला गेल्या. आज भांडायचं नाही असं ठरवून गेल्या होत्या. धाकटी कोपऱ्यातल्या जागी बसली होती. समोर कपात वाफाळतं पाणी, आणि त्यात ती कुणाच्या तरी घड्याळाचा पट्टा बुडवून धरत होती.

"हे काय? चहाबिहा करतेस की काय त्याचा?"

"नाही हो, आई. याच्या दोन कड्या काढायच्यात. गोंद धरून बसला की स्क्रू हलत नाही. गरम पाण्यात धरलं की गोंद मऊ पडतो, मग सुटतो." तिनं पट्टा बाहेर काढला, बारीक स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, आणि स्क्रू लोण्यातून निघावा तसा निघाला.

काकू एकटक बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आलेच," आणि दुकानाबाहेर येऊन फुटपाथवर उभ्या राहिल्या.

त्यांच्या घरात दिवसभराचा घाम अंगावर घेऊन कुणी झोपत नसे. रोज संध्याकाळी त्या अण्णांची कवळी गरम पाण्यात टाकत, चष्मा गरम पाण्यात टाकत, आणि घड्याळ अण्णांच्या मनगटावर चढल्यापासून घड्याळाचाही नंबर लागला होता. खुर्चीतल्या अण्णांचं मनगट धरून त्या घड्याळ उतरवत. तबकडी रुमालात गुंडाळून पाण्याबाहेर धरत. तेवढी अक्कल त्यांना होती. आणि पट्टा उकळत्या पाण्यात सोडून, जुना ब्रश घेऊन, कडीन् कडी घासत. धाकटी त्या वेळी कामावर असे. अण्णांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? भांडी घासल्याचं कुणी सांगतं का?

सांगितलं नाही तर कुणाला कळणारही नव्हतं. आजपासून पट्टा धुवायचा नाही, बस्स. स्क्रू जागेवर राहतील. काकूंचं नाक वर राहील. फक्त धाकटी रोज रात्री आपला हात उलटासुलटा करून बघत बसेल.

काकू परत आत शिरल्या.

"मालक, इकडे या. ह्यांच्या घड्याळाचा गोंद वाळलाय का?"

"खडखडीत वाळलाय."

"स्क्रू फिरवून बघा."

मालकांनी फिरवून बघितला. हलेना. "आज घट्ट आहे, काकू. आता पुन्हा सुरू करू नका."

"गप बसा." काकूंनी रुमाल काढला, तबकडी गुंडाळली. "अगं, किटलीतलं गरम पाणी ओत. अजून. वाफ दिसली पाहिजे. आणि तुझा तो छोटा ब्रश दे." त्यांनी पट्टा पाण्यात सोडला आणि घरी घासत तसाच घासायला घेतला, एकेक कडी, उलटून पालटून. मग त्यांनी तो पुसला आणि मालकांच्या हातात दिला. "हं. आता फिरवा."

स्क्रू फिरला.

धाकटीनं किटली खाली ठेवली. "आई... रोज?"

"रोज."

"पण काकू," मालक म्हणाले, "घड्याळाला उकळतं पाणी कोण घालतं?"

"मी घालते! मी! आणि घालणारच होते, गरम पाण्यानं गोंद मऊ पडतो, याचं मला काय स्वप्न पडलं होतं? घड्याळ परत देताना गिऱ्हाइकाला चार शब्द सांगायला नकोत? औषधाच्या बाटलीवरसुद्धा लिहितात, हलवून घ्या म्हणून! आणि हाताचा दोष म्हणे. या पोरीच्या हातात दोष असता तर मी तिच्या हातचा चहा प्यायले असते का इतकी वर्षं? दोष हा इथे आहे." त्यांनी आपला पंजा मालकांच्या नाकासमोर धरला. "नीट बघून घ्या, पुन्हा दाखवणार नाही. आणि माझ्या मेल्या तोंडानं पळवलेली गिऱ्हाइकं मीच परत आणते. आता ती खुर्ची तेवढी पुसून द्या. धूळ बसलीय तिच्यावर."

मालकांनी क्षणभर काकूंकडे पाहिलं, मग धाकटीकडे. मग फडकं घेतलं आणि खरंच खुर्ची पुसली.

घड्याळ पुन्हा गोंद वाळून घरी आलं त्या संध्याकाळी काकूंनी अण्णांना सगळं सांगून टाकलं. मालकांना आपण कसं झापलं ते जरा जास्त, बाकीचं जरा कमी.

अण्णा म्हणाले, "जाम बसलेला बोल्ट आम्हीही यंत्रावर तापवूनच सोडवायचो."

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"शंका होती."

"आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात? तिकडे पोरीची खुर्ची जात होती!"

"खुर्चीचं मला कुठे कुणी सांगितलं? मला वाटलं, स्क्रूच तर आहे, पुन्हा आवळता येईल." अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. "पण धुऊ नकोस म्हटलं असतं, तर तू रोज मनगट धरून बसतेस ते बंद झालं असतं."

आतल्या खोलीत धाकटीला खोकल्याची उबळ आली. खोकला होता की हसू, ते काकूंनी विचारलं नाही.

"म्हातारचळ लागलाय," काकू म्हणाल्या. त्यांनी कोरडं, मऊ फडकं घेतलं, स्टूल ओढलं आणि अण्णांसमोर बसल्या. "आणा तो हात इकडे."