कै. बा. केणे हयात आहेत

मी मेल्याची बातमी मला सकाळी चहा पिताना कळली. आली तीही आमच्याच पेपरात, 'चहूदिशा'त. दुसऱ्या कुठल्या पेपराने मला मारलं असतं तर मी त्यावर भजी काढून ठेवली असती आणि विसरून गेलो असतो. पण 'चहूदिशा'ने मारावं? उभा जन्म घातला हो त्या पेपरात!

शंभरीचा खास अंक होता. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर गिरगावच्या जुन्या छापखान्याचा फोटो. या अंकाची मी दिवाळीपासून वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू, दोन गोष्टींची आस होती. एक, समारंभाचं आमंत्रण यावं. दोन, अंकात नाव यावं. आमंत्रण काही आलं नाही. नाव आलं. आतल्या पानावर काळ्या चौकटीत मथळा, 'आमचे दिवंगत शिलेदार', आणि त्याखाली एका ओळीत, 'कै. बा. केणे, भिवंडी'.

आता यातली गंमत बघा. माझं नाव कैलास. बापाचं नाव बाळाराम. आडनाव केणे. आखडून लिहिलं की झालं कै. बा. केणे. पहिली बातमी पाठवली तेव्हापासून मी सही अशीच करायचो. बायको, राही, कपाळाला हात लावायची. "अवं, जित्या मानसानं असं न्हाय लिवू. पुरं नाव लिवा." मी कसला ऐकतोय! मुंबईला ऑफिसात फोन केला की जुना उपसंपादक ओरडायचा, "अरे, शांत बसा, आपले कैलासवासी बोलतायत!" मागे सगळे खो खो हसायचे. ते हसणारे एकेक करून गेले. त्यांच्याबरोबर विनोद गेला आणि नुसतं 'कै.' तेवढं मागे राहिलं.

बाकी अंक वाचला, नाही असं नाही. एका मास्तरांनी गिरगावातल्या खोलीत हाताने यंत्र फिरवून चार पानं काढली, इंग्रजांनी छापखान्याला सील ठोकलं, पेपर तरी निघतच राहिला. मग स्वातंत्र्य, मग दिल्लीची आवृत्ती, हिंदी, गुजराती, अख्ख्या देशात नाव. सगळं छान लिहिलंय. पण भिवंडी शोधून सापडायची नाही. इथे दंगली झाल्या, कामवारी नदीचा पूर घराघरांत शिरला, कापडाचे लूम बंद पडले, माणसं गावाकडे परत गेली, ते सगळं काय आपोआप छापून आलं? मी लिहीत होतो, बाबा. बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं आणि तो ठाण्याला पोचेपर्यंत जीव टांगणीला. पुढे फॅक्स आला, मग ईमेल. आणि आता तर छपाईच मुंबईतून उठून आमच्या काल्हेरच्या गोडाऊनमध्ये आली. ते गोडाऊन कुठे आहे ठाऊक आहे? आमच्या भाताच्या शेतात. भावाने विकलं, मी सही केली. माझ्या बापाने जिथे भात लावला तिथेच माझं मरण छापलं गेलं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

पहिल्यांदा मला हसूच आलं. मग वाटलं, अरेच्चा, आता लोक येतील! मेल्याच्या घरी माणसं यायचीच. आपण दार उघडायचं आणि समोरच्याची कशी तंतरते ते बघायचं. मी दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला. चार माणसं आली तर चहा पाजायला हवा म्हणून खाली जाऊन जास्तीचं दूध आणलं. दुकानदाराने माझ्याकडे नेहमीसारखंच बघितलं, म्हणजे बघितलंच नाही. खुर्च्या भिंतीला लावल्या, दार सताड उघडं टाकलं आणि बसलो.

कुणी आलं नाही.

दुपारी जिन्यात पावलं वाजली तसा मी ताडकन उठलो. पार्सलवाला होता. "अंकल, सामनेवाले फ्लॅट में कोई है क्या?" म्हणाला. मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. आमच्या बिल्डिंगीत गोडाऊनवाले भाड्याने राहतात. चेहरा ओळखीचा होईतो त्यांचं सामान खाली टेम्पोत चढलेलं असतं.

मग शंका आली की आपला फोनच बंद पडला असेल. राहीचा फोन अजून स्वयंपाकघरात फळीवर असतो. तिला जाऊन तीन वर्षं झाली, तरी मी त्याचं रिचार्ज चुकवत नाही. वेडेपणा म्हणा हवं तर. तिच्या फोनवरून मी मला मिस्ड कॉल दिला. वाजला. फोनला काही धाड भरली नव्हती.

अंधार पडल्यावर दार लावलं. दूध नासलं होतं, ओतून दिलं. मेल्याचं मला काही वाटलं नव्हतं हो. पण आपण मेलो आणि एक माणूस दारात आलं नाही, हे फार लागलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र डोकं सटकलं. लावला मुंबईला फोन. हे दाबा, ते दाबा करत शेवटी एक मुलगी मिळाली. मृणाली म्हणून होती, पुरवण्या तीच बघायची. मी म्हटलं, "मी कै. बा. केणे बोलतोय, भिवंडीहून."

"त्यांच्या घरून बोलताय का, काका?"

"घरून काय? मीच बोलतोय! कै. म्हणजे कैलास गं, कैलासवासी नव्हे!"

मग बिचारी इतक्यांदा सॉरी म्हणाली की मलाच अवघडल्यासारखं झालं. शुद्धिपत्र उद्याच देते म्हणाली. मी म्हटलं, "आणि बाई, त्यात तरी पूर्ण नाव लिही. नाहीतर छापशील, कै. बा. केणे हयात आहेत." ती हसली. त्या ऑफिसातून कुणी माझ्या नावावर हसलं त्याला जमाना झाला होता. जरा बरं वाटलं.

"फक्त एक अडचण आहे, सर," ती म्हणाली. "कुणी गेलं किंवा हयात आहे असं छापायचं तर आमच्याकडे नियम आहे. दुसऱ्या कुणाकडून तरी..."

"दुजोरा," मी म्हटलं.

"हो, दुजोरा. शेजारी, नातेवाईक, कुणीही चालेल. नंबर द्या, मी लगेच विचारून घेते."

आता हिच्याशी मी काय भांडू? या दुजोऱ्यावर तर माझी अख्खी हयात गेली. भिवंडीत नूर मोहम्मद म्हणून माझा दोस्त होता, उर्दू पेपरला बातम्या द्यायचा. घरचे लूम होते त्याचे, पण जीव बातमीत. कुठे आग लागली, इमारत खचली, की मी त्याला विचारल्याशिवाय एक ओळ पाठवायचो नाही आणि तो मला विचारल्याशिवाय. "कैलास, पक्की आहे ना रे?" "पक्की." एवढ्यावर पेपर छापले जायचे. राहीची तिरडी उचलली तेव्हा खांदा द्यायला तो होता. गेल्या रमजानात तोही गेला. मूलबाळ नाही, भाऊ मागेच गेला. पुतण्या आहे, अनंता, ठाण्यात टॉवरमध्ये राहतो. त्याने नंबर बदलला आणि नवा मला दिला नाही. मी मागितलाही नाही.

"सर? आहात ना?"

मी जिवंत आहे हे सांगणारं एक माणूस हवं होतं आणि मला एकही आठवेना. लाज वाटली हो. मेल्यापेक्षा ती लाज मोठी होती. तोंडातून निघाला तो एकच पाठ असलेला नंबर. राहीचा.

"कोणाचा आहे हा?"

"शेजारी आहे," मी म्हटलं. "नामा." तोंडाला आलं ते नाव ठोकून दिलं.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. वाटलं, नाहीच करणार ती. नवी पोर, सोडून देईल. पण फळीवर राहीचा फोन वाजायला लागला. शाबास, मनात म्हटलं, पक्की आहे पोरगी. आयुष्यात एकही खोटा दुजोरा मी घेतला नव्हता, दिला नव्हता. हात पुढे होईना. रिंग थांबत आली तसा उचलला, आणि माझ्या बापाच्या बोलीत बोललो.

"हां, कोन?"

"नमस्कार, मी 'चहूदिशा'तून मृणाली बोलतेय. तुम्ही कैलास केणे यांना ओळखता?"

"वळखतो ना. लहानपनापासून."

"ते हयात आहेत?"

"हाय. जिता हाय."

"तुम्ही स्वतः बघितलंय?"

"आताच बघितला."

"थँक्यू, काका. झालं माझं काम." मग ठेवता ठेवता म्हणाली, "कसे आहेत हो ते?"

हे मला कुणी विचारून किती दिवस झाले होते! बरा हाय म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"बरा न्हाय," मी म्हटलं. "एकटा परलाय. बायको गेली, दोस्त गेला. काल तुमच्या पेपरान मेल्याचा वाचला, तवा दिवसभर दार उघरा टाकून बसला व्हता. कोनतरी येल म्हनून. कोन आला न्हाय."

ती हळूच म्हणाली, "काका, तुम्ही शेजारीच आहात ना? अधूनमधून जात जा त्यांच्याकडे."

"जातो ना, बाय," मी म्हटलं. "मी न्हाय गेलो तं कोन जाईल त्याच्याकरं?"