पेवावरचे दोन खन

आमच्या मालकाले, म्हनजे माह्या नवऱ्याले, खुशालराव पाटलाले, एक वाईट खोड होती. बांधकाम निघालं की त्याईले रोज नवं काईतरी सुचे. सात समुद्रापार गोऱ्या लोकाईचं आपसात जुंपलं, त्याईची कपाशी अडली, अन् इथं अकोल्यात कपाशीले सोन्याचा भाव आला. मंग काय इचारता बाप्पा! जवारीची वावरं मोडून सारी कपाशी पेरली, अन् घरामांगच्या आवारात रुईसाठी वखार बांधाले काढली.

गवंडी बडनेऱ्याचा, नत्थुजी. तोंडाचा फटकळ मानूस. तीन खनाची, म्हनजे तीन गाळ्याची वखार ठरली होती. पाया झाला तं मालक म्हने, भिंती आनखी उंच घे. भिंती उंच झाल्या तं म्हने, दरवाजा मोठा कर, बैलासकट गाडी आत आली पाह्यजे. नत्थुजी बडबडे, पाडे, पुन्हा बांधे. अन् एक दिवस मालक म्हने, "पूर्वेकडून आनखी दोन खन काढ."

पूर्वेले आमचं पेव होतं. पेव म्हनजे जमिनीच्या पोटातलं जवारीचं कोठार. तोंड लहान, एक मानूस कसाबसा उतरंन एवढं, अन् आत आमचं अर्धं घर मावंन. वरून माती लिंपली की तिथं काई हाय हे कोनाले कळत नसे. जागा सासूनं मले दाखवून ठेवली होती.

नत्थुजीनं थापी खाली ठेवली. "पाटील, पाया धरल्यावर बदल सांगतला तं माहा एक नेम हाय. चार मानसाईसमोर सबूद द्या. पेव भरलं असंन तं वरून फरशी टाकतो. रिकामं असंन तं दगड-मुरूम भरल्याबिगर मी इटेले हात लावत नाई."

"भरलं हाय," मालक म्हने. "गच्च."

"सबूद?"

पंजाब, माहा एकुलता एक पोरगा, बाजूलेच उभा होता. मालकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "याची आन. गच्च भरलं हाय."

अवो, पोराच्या डोक्यावर हात ठेवून कोनी आन घेते का, तेबी इटामातीसाठी! मी तिथंच तोंडावर म्हनलं. मालक हासले. "खऱ्याची आन घ्याले कायचं भेव?" पंजाबबी हासला. त्याची बायको शकुन नुकतीच पोटुशी होती, त्याले सारं जग गोडच दिसे.

दोन खन उभे राह्यले. पेवाच्या तोंडावर फरशी बसली, भिंतीलगत छतापोतर गठ्ठे रचले. पन माह्या नजरेसमोरून तो हात काई हटेना. भरल्या पेवापाशी जवारीचा आंबूस वास येते, मुंग्या लागते. इथं वास नाई, एक मुंगी नाई. मी मनाले समजावलं, मनकर्णा, फरशी घातली म्हनून असंन.

शकुनले सातवा लागला. डोहाळजेवनाले जवारी पाह्यजे म्हनून मी दुपारची वखारीत गेली अन् सब्बलीनं फरशी सरकवली. पेवातली हवा वाईट असते, आधी दिवा सोडा लागते. पनतीले दोरी बांधून खाली सोडली. भरलं असतं तं हातभर गेल्यावर पनती दान्याले टेकली असती. टेकली नाई. दोरी जाऊनच राह्यली. गोल भिंती दिसल्या, उघड्या, कोरड्या. मंग पनती आपोआप इझली. कशीबशी फरशी लावली अन् मालकाले गाठलं.

"जवारी कुठं गेली?"

"बांधकामाच्या आधीच, तू माहेरी गेलती तवा इकली. भाव चढला होता."

"अन् पोराची आन?"

"हळू बोल! नत्थुजीले समजलं तं दोन्ही खन पाडंन तो. उद्या अमरावतीच्या गाड्या येऊन राह्यल्या, रुई काय तुह्या डोक्यावर ठेवू? गाड्या रिकाम्या झाल्या की गपचूप मुरूम टाकून घेऊ."

"आधी मुरूम! आधी चार मानसाईसमोर आन वापस घ्या. माहा एकच पोरगा हाय."

"बायाईचं डोकं!" म्हनून ते उठून गेले. रात्रभर माह्या डोळ्याले डोळा लागला नाई.

सकाळी गाड्या आल्या. पंजाब कंबर बांधून गठ्ठे उतरवाले लागला. त्यानं आत पाय टाकाच्या आधी मी फरशीवर जाऊन मांडी घालून बसली.

"ऊठ माय, गठ्ठे ठेवाचे हाय."

"तू दाराबाहेरच राह्य! नत्थुजी, इचार तुह्या पाटलाले, पेव भरलं हाय का."

नत्थुजी दारापाशी भिंतीले चुना लावत होता. तो वळला. "पाटील?"

"भरलं हाय! कितींदा सांगू?"

"मंग ठेवा गठ्ठे," मी म्हनलं. "माह्या भवताल ठेवा. भरल्या पेवाले काय होते?"

हमालाईनं मालकाकडं पाह्यलं. मालकानं मान हालवली, पन माह्याकडं पाह्यलं नाई. एक गठ्ठा ठेवला, दुसरा ठेवला. तिसऱ्याले फरशीखालून बारीक आवाज आला, जुनी बाज करकरते तसा. मालकाचं तोंड पांढरंफट पडलं.

"ऊठ! ऊठ वं! रिकामं हाय ते, खचंन!"

झालं! साऱ्याईनं आयकलं. मले वाटलं, खोटी आन उतरली, वाचला माहा पोरगा. अन् तेवढ्यात पंजाब आत धावला. मी "नोको रे, नोको!" म्हनेपोतर त्यानं माहा दंड धरला अन् मले दाराकडं भिरकावलं. मी चौकटीवर आपटली. वळून पाह्यलं तं भवतालची जमीनच खचली होती; फरशी नव्हती, पंजाब नव्हता. छतापोतरचे गठ्ठे एकामांगून एक त्या भोकात पडून राह्यले होते.

नत्थुजी अन् हमाल गठ्ठे काढत राह्यले. दिवा सोडला की इझे, कोनाले उतरता येईना. पोरगं वर आलं तवा त्याच्या केसात, नाकातोंडात सारी रुईच होती.

शकुनले पोरगा झाला. बारशाच्या दिवशी मालक पाळन्यापाशी आले. वाकले, अन् आशीर्वाद द्याले बाळाच्या डोक्याकडं हात नेला. मी मधातच मनगट धरलं.

"दुरून पाहा," मी म्हनलं. "हा हात याच्या डोक्यावर नाई."

मालकानं हात मांगं घेतला.